मेणाचा वास

आजीच्या करंड्यात दोन कप्पे होते. एकात कुंकू आणि दुसऱ्यात मेण. आंघोळ झाली की ती ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, अनामिकेच्या टोकावर मेणाचा एवढासा कण घ्यायची, कपाळाच्या मध्यावर तो हलक्या हातानं घोळवायची आणि मग त्या चकाकत्या जागेवर कुंकू टेकवायची. मेणानं एकदा कुंकू धरलं की भाताच्या लावणीतल्या दिवसभराच्या घामातही ते ओघळत नसे. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडलेली असे आणि करंड्याचं झाकण निघालं की वरून एक वास हळूच खाली उतरायचा. मधाचा, पण मधाइतका गोड नाही. थोडा धुराचा, थोडा रानातल्या कुठल्याशा फुलाचा, आणि थोडा तिच्या बोटांचा.

ते मेण आमच्याच रानातलं. टोकावड्याहून माळशेजच्या अंगाला नजर टाकली की सह्याद्रीची भिंत उभी दिसते, एका बाजूला नाणेघाटाचा अंगठा आणि मोरोशीच्या मागे भैरवगडाचा तो सरळसोट कातळ. तिथल्या कपारींत आग्या मोहळं लटकलेली असत. उन्हाळा तोंडावर आला की कातकरी पुरुष रात्रीच्या अंधारात दोरानं त्या कड्यावर उतरत, धूर करून माशा उठवत आणि पोळी कापून आणत. मग त्यांच्यातली एक बाई डोक्यावर मधाचा डबा आणि फडक्यात बांधलेला मेणाचा गोळा घेऊन आमच्या अंगणात यायची. पोळं पाण्यात उकळून, फडक्यातून पिळून, थंड पाण्यावर आळलेलं ते पिवळं मेण. आजी आधी नाकाशी धरून बघायची, मग अंगठ्यानं दाबून बघायची, आणि मग सुपात तांदूळ घालून आणायची. भाव ठरायचा तो असा, वासावर.

हा वास माझ्या आयुष्यात इतका आधी आला, की पुढे कुठेही तो भेटला तरी मला आपण घरी असल्यासारखं वाटतं. आणि तो भेटला तोही अशा ठिकाणी, जिथे टोकावड्याच्या मुलीला घर सापडावं असं कुणी म्हणालं नसतं.

भीमाशंकरला आजी मला घेऊन गेली ती एका महाशिवरात्रीला. तिच्या तरुणपणी आमच्या भागातली माणसं रानवाटेनं पायीच डोंगर चढत. आम्ही गेलो एसटीनं, माळशेज चढून, जुन्नर आणि घोडेगावावरून. गर्दी, चिखल, बेलाची पानं, ओल्या धोतरांचा आणि उदबत्तीचा दमट गंध, या सगळ्यातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवते ती देवळासमोरची मोठी घंटा. आपल्या देवळातल्या घंटांसारखी ती नव्हती. तोंड रुंद, पोट फुगीर, अंगावर ओळखू न येणारी अक्षरं. लोक येत, टोल देत आणि पुढे सरकत. आजी मात्र थांबली. तिनं घंटेच्या अंगावरून हात फिरवला आणि तिची बोटं एका उंचवट्यावर अडखळली. एक बाई होती तिथे, उभी, कडेवर मूल घेतलेली. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, नाकडोळे जवळजवळ गेलेले, पण मुलाला धरलेला हात अजून स्पष्ट. आजीनं कमरेची पिशवी उघडली, करंडा काढला, आधी मेण लावलं आणि त्यावर कुंकू. आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “लेकुरवाळी आहे गं. रिकाम्या कपाळानं कशाला ठेवायची?”

ती मारिया होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आजीला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी तिनं करंडा पिशवीत परत ठेवला असता असं मला वाटत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेनं पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, त्यातलीच ही एक, असं परंपरेनं सांगतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अशीच एक आहे, १७०७ साल कोरलेली, तिच्यावरही मुलाला घेतलेली मारिया. नाशकात नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा तर साऱ्या गोदाकाठाची खूण होऊन बसली. लढाईच्या गोष्टी मला फार खोलात सांगता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यात मन रमतही नाही. माझं मन अडतं ते एका बारीक गोष्टीशी. जिंकणाऱ्यांना ही पंचरशी धातू वितळवून टाकता आली असती. तोफखान्याला धातू कधी पुरत नाही. निदान एखादा लोहार छिन्नी घेऊन बसला असता, तर दुपारभरात ती बाई पुसून गेली असती. तसं झालं नाही. घाटांच्या चढणीवरून, माणसांच्या खांद्यांवरून की गाड्यांवरून, ती मूल कडेवर घेऊन तशीच वर आली आणि शंकराच्या दारात उभी राहिली.

आणि तीही आधी मेणाचीच होती! घंटा ओतणारे कारागीर पूर्वी आधी मातीची घंटा घडवत. मग तिच्या अंगावर मेणानं काढलेली नक्षी, मेणाची अक्षरं, मेणाची मूर्ती चिकटवत. त्यावर मातीचे लेपावर लेप चढत, आच लागली की मेण वितळून निघून जाई, आणि त्यानं मागे ठेवलेल्या पोकळीत धातूचा रस शिरे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. म्हणजे कुणा अनामिक माणसाच्या अंगठ्याखाली ती पहिल्यांदा मऊ, कोमट, पिवळी अशी उमटली असणार. मेण वितळून गेलं तेव्हा त्या भट्टीपाशी काय वास सुटला असेल! आजीनं तिच्या कपाळी मेण लावलं, ते एका अर्थी तिचं तिला परत केलं.

वसईला मी गेले ती घंटेचा माग काढत नव्हे, एका मैत्रिणीच्या लग्नाला. तेव्हा वसई आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. जिल्हा एकच, पण आमच्या डोंगराकडच्या माणसाला ती केळीची बागायत, ते खारे वारे, विहिरींवरची ती गर्द सावली, सगळं परमुलखासारखं. किल्ल्यात गेलं की छप्पर नसलेली चर्च उभी दिसतात. भिंती आहेत, कमानी आहेत, जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत, आणि वेदीच्या जागी गवत. मूर्तींचे कोनाडे रिकामे. मला आमचा नाणेघाट आठवला. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, राणी नागनिकेचाही. नावं अजून माथ्यावर कोरलेली आहेत, पुतळे गेले. कोनाडा रिकामा झाला की आपलं मन मुकाट्यानं तिथे कुणाला तरी उभं करतं.

पण किल्ल्याबाहेर, गावातल्या देवळात, मूर्ती होत्या, माणसं होती, आणि दारातच तो वास होता. देऊळ हा तिथल्याच लोकांचा शब्द. दुपारची वेळ, आत कुणी नाही, फक्त लाल लुगड्यातली एक म्हातारी पुढच्या बाकावर जपमाळ ओढत बसलेली. उंच खिडकीतून उतरलेला उन्हाचा तिरपा पट्टा मारियेच्या निळ्या झग्यावरून घसरून तिच्या पायांशी पोचला होता, आणि त्या पायांशी मेणबत्त्या वितळत होत्या. लाकडाची मूर्ती, तिच्यावर रंगाचे थर. गालावर जरासा पोपडा उठलेला. बोटांची टोकं मात्र झिजलेली, कारण येणारा जाणारा तिथेच हात लावतो. म्हाताऱ्या बाईनं जपमाळ संपवली, उठली, मूर्तीच्या पायांना हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि मराठीत, अगदी शेजारणीशी बोलावं तसं, काहीतरी पुटपुटली. सुनेबद्दल होतं बहुतेक. मी दुसरीकडे पाहिलं.

आता मेणबत्त्या येतात त्या पॅराफिनच्या, खनिज तेलातून काढलेल्या. त्यांना वास असून नसल्यासारखा. तरी ईस्टरच्या आदल्या रात्री, सगळे दिवे मालवून, अंधाऱ्या चर्चमध्ये जी एक मोठी मेणबत्ती आणतात, ती परंपरेनं मधमाश्यांच्या मेणाची. त्या वेळी गायच्या प्राचीन स्तोत्रात मधमाश्यांच्या कष्टांचाही उल्लेख येतो. एवढ्या मोठ्या देवाच्या एवढ्या मोठ्या रात्री माशीची आठवण ठेवणारा तो कोण कवी असेल, मला त्याच्याविषयी फार माया वाटते. आमच्या भैरवगडाच्या माशांचे आभार मात्र कुणी मानले नाहीत. कातकऱ्यांनी मानले असतील. ते पोळं कापताना सगळं कापत नाहीत.

जुन्या गोव्याला पहिल्यांदा गेले तेव्हा एवढ्या सोन्यासाठी माझी तयारी नव्हती. बॉम जेझूच्या आत, बाहेरच्या उघड्या जांभ्या दगडाच्या तांबूस अंधारातून पाऊल टाकलं, की समोरची अख्खी भिंत लखलखते. लाकूड कोरून त्यावर सोन्याचा वर्ख चढवलेला. पिळाचे खांब, वेली, देवदूत, मध्यभागी हात पसरून वर पाहणारा संत इग्नेशियस, आणि त्याच्याही वर सूर्यमंडळात येशूच्या नावाची अक्षरं. विजेच्या झोतात ते सगळं एकदम दिसतं, आणि एकदम दिसतं म्हणून संपतं. मग एका संध्याकाळी वीज गेली. कुणीतरी वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवल्या. आणि ती भिंत हलू लागली. ज्योत झुकली की वेलीचं एक वळण उजळे आणि दुसरं बुडे. देवदूताचा गाल दिसे, डोळा दिसत नसे. संताचा झगा श्वास घेतल्यासारखा वरखाली होई. तेव्हा उमगलं, की या मूर्ती घडवणाऱ्यांनी त्या या उजेडासाठीच घडवल्या होत्या. प्रत्येक खाच खोल घेतली ती सावलीला बसायला जागा म्हणून. आपण त्यांच्यावर झोत सोडतो आणि मग म्हणतो, फारच नक्षी आहे बुवा.

त्याच चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. खालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं घडवलेली, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेली, १६९८ मध्ये इथे उभी राहिली. तिच्यावरची चांदीची पेटी मात्र त्याच्याही आधीची, १६३७ च्या सुमाराची, आणि ती गोव्याच्याच सोनारांनी केलेली. ३२ चौकटींत संताचं आयुष्य. यात्रेकरू पेटीच्या आत काय आहे ते बघायला माना उंचावतात. मी त्या चौकटींतली माणसं पाहत राहिले, त्यांच्या बारीक ठोकलेल्या मुंड्या, वस्त्रांच्या चुण्या. आमच्या मुरबाडच्या पेठेतला सोनार चिमट्यानं टीक उचलून जसा डोळ्याजवळ धरतो, तसं कुणीतरी यातलं प्रत्येक डोकं धरलं असणार.

कोण होती ही माणसं? १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मसभेनं ठराव केला होता, की ख्रिस्ती पूजेच्या वस्तू नि चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत. ठराव करावा लागला यातच सगळं आलं. करून घेत होते, म्हणून तर मना करावं लागलं. आणि नंतरही ते थांबलं नसावं, असं लाकूडच सांगतं. गोव्यातल्या कितीतरी चर्चमध्ये प्रवचनाचं ते उंच, कोरीव व्यासपीठ पाहा. वर संतांच्या ओळी, आणि खाली, सगळा भार तोलून धरणाऱ्या नागकन्या. कमरेपर्यंत बाई, पुढे शेपटीचा पीळ. वरून पाद्री मूर्तिपूजेविरुद्ध गर्जत असेल तेव्हा खालून या शांतपणे त्याला धरून असतील. मला हे पाहून हसू येतं, आणि हसताहसता पोटात काहीतरी हलतं. कारण ज्यांनी ते कोरलं त्यांची स्वतःची देवळं कदाचित त्याच काळात पाडली गेली होती. हातांना जे येत होतं ते हातांनी केलं. आता ते राग म्हणून, सवय म्हणून, की आठवण म्हणून, हे मी कोण ठरवणार?

बॉम जेझूजवळचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च मला सगळ्यात सुंदर वाटतं आणि सगळ्यात उदास. १६६१ मध्ये ते नव्यानं बांधलं, पण दरवाजा जुन्या चर्चचा राखला, काळ्या दगडाचा. आत भिंतीभर फुलं रंगवलेली. वेदीच्या बाजूंना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या आयुष्याची चित्रं, काळवंडलेली, तपकिरी आणि शेंदरी. वेदीवर क्रुसावरचा येशू आणि त्याच्याजवळ फ्रान्सिस, खाली त्याची तीन व्रतं, दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. पण तिथे आता रोजची मिस्सा होत नाही. ते पुरातत्त्व खात्याकडे आहे. मेणबत्ती नाही. मी नकळत खोल श्वास घेतला आणि फक्त जुन्या लाकडाचा, वाळवीच्या औषधाचा वास आला. चित्रं तीच, संत तेच, राखलीही नीट आहेत, आणि खात्याला दोष देण्याजोगं काही नाही. मेणबत्तीचा धूर चित्रांना काळं करतो हेही खरं. तरीही. लागूनच संग्रहालय आहे, तिथे कदंबांच्या वेळचे वीरगळ ओळीनं उभे आहेत, आमच्या गावाबाहेर शेंदूर फासून उभे असतात तसले. त्यांनाही शेंदूर नव्हता.

सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात मात्र मी काचेला नाक लावून उभी राहिले. हस्तिदंताच्या बालयेशूंपुढे. सतराव्या शतकात गोव्यातल्या कारागिरांनी अशा मूर्ती पुष्कळ कोरल्या. एका छोट्या डोंगरावर बसलेलं पोर, खांद्यावर मेंढरू, मांडीशी मेंढरू, कमरेला पाण्याचा भोपळा, एक पाय दुसऱ्यावर, गालाला हात लावून डोळे मिटलेले. मेंढपाळ देव, दुपारच्या झोपेत. हे ध्यान मी पाहिलं होतं. भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या रानात गुरं सोडून बांधावर असाच गालाला हात लावून पेंगणारा आमच्या वाडीवरचा ठाकराचा पोर. हस्तिदंत जुना झाला की पिवळा पडतो, थेट मेणासारखा.

आणि मग आंजेलो द फोन्सेका. १९०२ मध्ये गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोसांच्या सहवासात शिकले, आणि परत येऊन त्यांनी मारिया रंगवली ती साडीतली, सावळी, अनवाणी. गोव्यातल्या धर्मनिष्ठांना ते रुचलं नाही. मग ते पुण्याला आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले. आज त्यांची पुष्कळ चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. मारियेच्या डोक्यावरून घेतलेला पदर, खाली वळलेले डोळे, मांडीवरच्या मुलाला सांभाळणारा हात. मी त्या चित्रांपुढे उभी राहिले तेव्हा मला भीमाशंकरच्या घंटेवरचा तो झिजलेला चेहरा एकदम पुरा झाल्यासारखा वाटला. जे नाकडोळे तिथे गेले होते ते इथे होते. फोन्सेकांना लोकांनी विचारलं असेल, मारिया अशी कशी? आजीनं विचारलं नसतं. पण फोन्सेकांना आजीसारखे प्रेक्षक फार उशिरा मिळाले, आणि हे मला अजूनही लागतं.

गेल्या काही वर्षांत सप्टेंबर आला की मी मोत माउलीच्या जत्रेला वांद्र्याला जाते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर ती टेकडी माणसांनी फुलते. आजचं चर्च १९०४ चं, पण आतली लाकडी माउली त्याच्या कितीतरी आधीची. १७०० मध्ये समुद्री लुटारूंनी तिचा उजवा हात तोडला म्हणतात, हातातल्या सोनेरी वस्तूसाठी. कुणी असंही सांगतं, की लुटारूंनी चर्चला आग लावायला घेतली तेव्हा मधमाश्यांचं मोहळ उठलं आणि त्यांना पळवून लावलं. ही कथा मी कधी पारखून पाहिलेली नाही, पाहणारही नाही. माझ्यासारखीला ती खरी असायलाच हवी. आणि त्याच हात गमावलेल्या माउलीला लोक मेणाचे हात वाहतात. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं ते. चढावर दोन्ही बाजूंना स्टॉल, त्यांवर पिवळे-पांढरे अवयव टांगलेले. घरांना आता सगळ्यात जास्त मागणी, मुंबई आहे ना!

यंदा बरोबर मावशी होती, टोकावड्याहून मुद्दाम आलेली. तिच्या बैलाचा पुढचा पाय सुजला होता आणि गुरांच्या डॉक्टरनं हात टेकले होते. तिचा म्हशाच्या यात्रेत खांबलिंगेश्वराला नवस बोलून झाला होता, आता इथेही बोलायचा होता. देवांमध्ये तिचा भेदभाव नाही, घाई मात्र आहे. ती एकेका स्टॉलवर थांबून विचारत चालली.

“बैल आहे का बाई, बैल?”

“बैल नाय मिळत, बाय. पाय घे. पाय पण चालतो.”

“पाय माणसाचा आहे गं. माझ्या बैलाला कसा चालंल?”

स्टॉलवाल्या बाईनं मोडलेल्या मेणबत्त्यांच्या पेटीत हात घातला, एक मूठभर तुकडा काढून मावशीच्या हातावर ठेवला. मावशी तिथेच कठड्यावर बसली. दोन्ही तळव्यांत धरून तिनं तो पुष्कळ वेळ चोळला, उन्हात धरला, पुन्हा चोळला. मग अंगठ्यानं पाठ काढली, वशिंड चिमटीत उचललं, चार पाय ओढले, त्यातला पुढचा एक जरा जाड ठेवला, सुजलेला. नखानं डोळे. शेवटी शिंगं. आजूबाजूला पाचसहा माणसं जमली, स्टॉलवाली गल्ला सोडून बघायला आली आणि म्हणाली, “एक शिंग आखूड झालं गो.”

मावशीनं बैल हातावर उभा करून नीट पाहिला.

“आमच्या ढवळ्याचंही तसंच आहे,” ती म्हणाली, आणि किती झाले विचारू लागली.